पुढच्या बाकावरच्या शाली

मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ फुटायला लागला की या आदिवासी गावच्या चर्चमध्ये हरवलेल्या आणि मारल्या गेलेल्या बायकांसाठी प्रार्थना होते. पुढचा बाक रिकामा ठेवायचा, प्रत्येकीच्या नावाची एक शाल त्यावर अंथरायची. मेणबत्त्यांशेजारी गोडगवताची, त्या सुवासिक पवित्र गवताची वेणी धुमसते, ढोलावर थाप पडते, आणि घरचं माणूस उभं राहून नाव घेतं. व्हर्ना मूस्टूसने यंदाही धाकट्या बहिणीचं, डेल्फीनचं नाव घेतलं. डेल्फीन शहरात कामाला गेली होती. हमरस्त्याच्या कडेने चालताना कुणाला तरी दिसली, ती शेवटची. पोलीस एकदा येऊन चहा पिऊन गेले.

प्रार्थना संपल्यावर मंडळी मागच्या खोलीत माशाचं कालवण खायला गेली. व्हर्ना शाली आवरायला थांबली. डेल्फीनच्या शालीला तिने हात लावला आणि हात तिथेच थबकला.

शाल उबदार होती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

व्हर्ना शाळेची बस चालवायची. उगाच भिणारी नव्हती. तिने खिडकीकडे पाहिलं. बाहेर मळभ होतं. शेगडी केव्हाच विझलेली, तीही दाराशी. तिने शेजारची शाल चाचपली, मग तिच्या पलीकडची. सगळ्या तशाच.

"जोसेफिन काकू, जरा इकडे या."

म्हाताऱ्या जोसेफिनची मुलगी नदीत सापडली होती. तिने मुलीच्या शालीवर तळवा ठेवला आणि काढलाच नाही.

"दरवर्षी असते अशी," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला? पोरगी घरी आली नाही म्हणून सांगायला गेले, तेव्हा पोलीस हसले. शाल गरम आहे म्हटल्यावर गाडी पाठवतील होय?" मग ती बाकाच्या टोकाकडे बघत राहिली. "व्हर्ना, तू शाली अशाच अंथरल्या होत्यास?"

नाही. सकाळी तिने त्या बाकभर पसरल्या होत्या. आता त्या एकमेकींना खेटून होत्या आणि टोकाला उघडं लाकूड दिसत होतं. एक माणूस बसेल एवढं.

"सरकल्यात," जोसेफिन हळूच म्हणाली. "कुणाला तरी जागा केलीय."

बाहेर हॉर्न वाजला. व्हर्ना धावली. डेल्फीनची मुलगी ट्रिना मैत्रिणींबरोबर शहराकडे निघाली होती. गाडी पोरींनी भरलेली, गाणी लागलेली.

"आज जाऊ नका."

"का गं मावशी?"

"ऐक माझं. उतरा सगळ्या."

"सगळ्या? आमच्यातल्या नेमकं कुणी नको जायला, ते तरी सांग." पोरी हसल्या.

व्हर्नाने एकेकीचा चेहरा पाहिला. गाडी चिखल उडवत गेली.

संध्याकाळी सगळ्या परत आल्या. कागदात गुंडाळलेले तळलेले बटाटे तिच्या हातात देऊन ट्रिना म्हणाली, "बघ, मोजून घे आम्हाला."

व्हर्नाने शाली उचलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी तिने त्या पुन्हा बाकभर पसरल्या. तिसऱ्या सकाळी येऊन पाहिलं तर त्या सरकलेल्या होत्या. जोसेफिनने पसरून पाहिल्या, तरी तेच.

आता बस काढण्याआधी व्हर्ना रोज चर्चमध्ये जाते. वाकून त्या उघड्या लाकडावर तळहात टेकवते, बराच वेळ.

अजून थंड आहे.