धारला घुमतो, देवासला नाही

दुकानदाराने दोघांना एकदमच उत्तर दिलं. "नहीं है भिया... नहीं है मॅडम."

मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हणजे तिने बघितलं. तो आधीपासूनच बघत होता की काय, हे वेदिकाला अजून नक्की सांगता येत नाही.

देवासच्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती ट्रान्सफॉर्मर शोधत होती. तो धारहून तक्रार घेऊन आला होता. कुणा गिऱ्हाइकाने त्याला जुना रेकॉर्ड प्लेअर दिला होता, आणि नव्या ॲम्प्लिफायरला जोडला की त्यातली बाई डासासारखी गात होती.

"डासासारखीच गाणार," वेदिका म्हणाली. "सुईतून आवाज इवलासा निघतो. मध्ये प्रीॲम्प लागतो, त्याला मोठा करायला."

"कुठे मिळेल?"

"मी बनवते."

हे ती का म्हणाली? वडील साताऱ्याहून इथल्या कारखान्यात आले, तीही कारखान्यातच लागली; संध्याकाळी खोलीत बसून काहीबाही जोडायची, पण स्वतःपुरतं. दुसऱ्यासाठी कधीच नाही. आणि हा दुसरा कोण? नाव शंतनू. जिनगरांच्या घरातला. त्याचे पूर्वज दरबारच्या घोड्यांची खोगिरं शिवत. तो मोटारींची सीट कव्हरं शिवतो. मराठी मात्र दरबारातलंच. 'कृपा करून कळवावे,' असे मेसेज. वेदिकाची शाळा हिंदीतली, त्यामुळे ती प्रत्येक मेसेज दोनदा वाचायची.

त्यामुळेच ना?

तिने दोन डबे केले. एकात प्रीॲम्प, दुसऱ्यात त्याचा पॉवर सप्लाय. ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतो, जवळ ठेवला की ती गुणगुण गाण्यात शिरते. म्हणून तो वेगळ्या डब्यात, आणि मध्ये लांबलचक वायर. खोलीत लावून बघितलं. गाण्याच्या मागे काहीही नाही, नुसती शांतता. शंतनू न्यायला आला. देताना बोटांना बोटं लागली...

की वायर लागली?

मग फोन.

"घुमतोय," शंतनू म्हणाला. तिने अर्थिंग तपासायला सांगितलं.

"तपासलं. घुमतोय." तिने ट्यूबलाइट बंद करायला सांगितली.

"केली. घुमतोय. ...जेवलात?"

पुढे असंच. घुमण्यापासून सुरुवात व्हायची आणि बोलणं कुठेही जायचं. तो धामनोदला ट्रकची सीट बसवायला गेला, तिथल्या ढाब्यावरच्या दालबाटीवर, तिच्या कारखान्यातल्या साहेबावर, ऊन किती आहे यावर. एकदा तो म्हणाला, "आज फार आठवण येत होती." थांबला. "म्हणजे... प्रीॲम्पबद्दल विचारायचं होतं."

वेदिकाचं डोकं चालेना. घुमणं थांबलं तर फोन थांबणार. नाही थांबलं तर पहिल्यांदा कुणासाठी काही केलं आणि तेच बिघडलेलं. तिला डबा चालायलाही हवा होता आणि फोनही यायला हवा होता. दोन्ही एकदम कसं मिळणार? कारखान्यात शेजारच्या टेबलावरची शिखा तिचं तोंड बघून कंटाळली. जाकर देख आ, म्हणाली, मशीन घुमतेय की मालक.

रविवारी ती धारला गेली.

दुकानात चामड्याचा वास, पंखा, कपाळावरचा घाम पुसणारा शंतनू. "एक गोष्ट सांगितली नव्हती," तो म्हणाला. "समोरासमोर दाखवायची होती." आणि त्याने फडकं उचललं.

तिचे दोन डबे एकमेकांना चिकटून बसले होते. त्याने दोघांना मिळून एकच चामड्याचं खोगीर शिवलं होतं, तपकिरी, मऊ. मेण लावलेला दोरा, एका भोकातून दोन्ही बाजूंनी दोन सुया घालून घेतलेले टाके. लांबलचक वायर गुंडाळून छोट्याशा खिशात बसवलेली. इतकं सुंदर तिच्या डब्यांना कुणी कधी...

आणि तिला कळलं.

वायर एवढी लांब का, हे तिने सांगितलंच नव्हतं. बघून कळेल असं वाटलं होतं. जिनगराला वायर दिसली. तो आवरायला बसला.

तिने टाक्यांवरून बोट फिरवलं. सांगायचं? डबा घेऊन जाते, देवासला बघते, एवढं म्हटलं तरी चाललं असतं. फोन येत राहिले असते. टाके राहिले असते.

"हे एकत्र का शिवलंत?"

"वायर लोंबत होती." तो जमिनीकडे बघत होता. "आणि तुमच्या हातचे दोघे... वेगळे बरे नव्हते दिसत."

तिने सांगून टाकलं. ट्रान्सफॉर्मर, जवळीक, गुणगुण, सगळं. शंतनूने चामडं कापायची रापी उचलली तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. मी दुसरं काहीतरी करते."

"आपलं काम चांगलं आहे," तो म्हणाला. "ते ऐकू आलं पाहिजे."

एकेक टाका त्याने स्वतःच उसवला. रेकॉर्ड लावली, वायर खिशातून सोडवली आणि पॉवर सप्लाय उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला. तो मागे सरकत गेला तशी घूं-घूं विरत गेली, आणि बाई गायला लागली. डास नाही. बाई.

दोघं उभे. वेदिकाने मनगट सोडलं नव्हतं, म्हणून तीही टेबलाभोवती फिरत त्याच्यामागे गेली होती.

"आता फोन कशासाठी करू?" शंतनू म्हणाला. "कारण असलं की मला धीर येतो. नुसता फोन करायचा म्हटलं तर... भीती वाटते."

"मग भीत भीत कर," वेदिका म्हणाली.

तो इतका गोंधळला की त्याने रेकॉर्ड बंद करण्याऐवजी पंखा बंद केला.

परतीची बस अजून घाटाबिल्लोदलाही पोचली नव्हती, तेवढ्यात फोन वाजला.

"काही काम नाही." शंतनूचा आवाज कापत होता.

"हं," वेदिका म्हणाली, आणि खिडकीकडे वळून बसली. "सांग."