डावीकडे ओढणारी पिकअप

नवे टायर बसवल्यापासून गाडी डावीकडे ओढते, हे गाऱ्हाणं घेऊन योगेंद्र त्या शनिवारी तिसऱ्यांदा पर्वत पाटिया भागातल्या टायरवाल्याकडे गेला.

पिकअप ठेकेदाराची, पण तिच्यावर जीव होता तो योगेंद्रच्या वडिलांचा, धुडकू आबांचा. हजीऱ्याच्या खाजणात पाइप टाकणाऱ्या मजुरांची ने-आण त्यांनी चौदा वर्षं केली. दिवाळीत ते गेले आणि स्टिअरिंग पोराकडे आलं. आता चिखलात गाडी रुतू नये म्हणून ठेकेदारानं तिला ट्रॅक्टरला शोभतील असे दांडगे, रुंद टायर बसवले होते. त्यांच्या खोडी योगेंद्रनं आठवड्याभरात ओळखल्या. डांबरावर ते भुंग्यासारखे घुमत. स्टिअरिंग पुरतं वळवलं की मडगार्डला घासत. ब्रेक उशिरा लागे, आणि काटा पन्नास दाखवी तेव्हा गाडी पंचावन्नच्या पुढे गेलेली असे. एवढे लाड तो खुशीनं पुरवत होता. ही ओढ मात्र त्याला कळेना.

"ट्रकवाळानी चाकोरीमां पहोळुं टायर जाय, भाई. रस्तो खेंचे छे," टायरवाला म्हणाला. ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत रुंद टायर सापडतं, असं त्याचं म्हणणं.

"सपाट रस्त्यावर बी ओढते."

त्यानं पुन्हा मशीन लावलं, हवा मोजली. चारही चाकं सारखी. मग चार पावलं मागं जाऊन तो गाडीकडे बघत राहिला. पुढचा डावा टायर दबलेला होता.

"अंदर कोण बेठुं छे?" त्यानं हळूच विचारलं.

आत कुणीच नव्हतं.

घरी योगेंद्रनं हे हसत सांगितलं. त्याची माय, मंगलाबाई, हसली नाही. तव्यावरची भाकर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"टायरखाले लिंबू ठेवतांना मी तुना आबासले बलावं व्हतं," ती म्हणाली. "आखाजीले पितरसले बलावतस ना, तसं. म्हन्तं, नवा टायर शेतस... या, बठा."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना जेवू घालतात आणि निरोपही देतात. निरोप द्यायचा तेवढा राहून गेला होता.

योगेंद्रनं करपलेली भाकर तव्यावरून उतरवली. गाडी शिकवताना आबा डाव्या सीटवर बसत, आणि पोरगा चुकतोय असं वाटलं की हात लांब करून स्टिअरिंग आपल्याकडे ओढत. चुकत नसला तरी ओढत. मायाच तेवढी होती. पण सोमवारी त्याला बारा मजूर घेऊन खाडीतल्या बांधावरून जायचं होतं. बांध गाडीपुरताच रुंद, आणि डावीकडे भरतीचं पाणी.

"मी येस," माय म्हणाली.

सोमवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की इच्छापोरच्या कारखान्यांचे दिवे नुसते पिवळे डाग दिसत होते. मागं मजूर कान बांधून बसले होते. माय मधोमध बसली. डावी सीट तिनं मोकळी ठेवली.

बांध लागला. टायरांचं घुमणं थांबून चिखलाचा चपचप आवाज सुरू झाला. खाऱ्या चिखलाच्या वासात हळूहळू आबांच्या विडीचा वास मिसळला. मजुरांपैकी कुणी ओढत नव्हतं... आणि स्टिअरिंग डावीकडे फिरू लागलं.

योगेंद्रनं दोन्ही हातांनी जोर लावला. चाकाखालून माती सुटून पाण्यात पडल्याचं त्याला ऐकू आलं.

"माय..."

"तू समोर देख." मग ती डावीकडे वळली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "आते पोऱ्या शिकी गया. स्टेरिंगले हात नका लावू. तो हात माले द्या..."

तिनं रिकाम्या सीटवर डावा हात ठेवला आणि बोटं मिटली.

स्टिअरिंग हलकं झालं. उरलेला बांध गाडीनं सरळ कापला. योगेंद्रला रडू येत होतं आणि हसूही. असा बाप सगळ्यांना मिळत नाही, असं त्याला वाटलं.

पलीकडे मजूर उतरून कामाला लागले. मायही उतरली. योगेंद्र वाकून टायर बघू लागला. डावा टायर उजव्याइतकाच उभा होता.

"माय, आबा उतरी गयात," तो म्हणाला.

माय बांधावरून धुक्यात चालली होती. डावा हात अंगापासून जरा दूर, मूठ मिटलेली.

"माय, आते हात सोडी दे."

"मी तं सोडी दिन्हा रे, योगू..." तिनं मागं वळून पाहिलं नाही. "तुना आबाच नही सोडतस."

तो धावला. त्यानं तिचा उजवा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि टाचा चिखलात रोवल्या. ओढ ओळखीची होती. ती पाण्याकडे होती.