परत म्हणा न, कॅप्टन!

"थांबा!"

नर्मदेवरच्या ग्वारीघाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर पाय टाकू पाहणारा तो उंच माणूस जागच्या जागी थबकला, आणि मागं वळायच्या आधीच बोलून गेला, "थांबलोय."

दिव्याचा द्रोण घेऊन मागं उभ्या असलेल्या क्षमानं कान टवकारले. हा आवाज... हा तर नेहमी तिच्या कानात असतो! क्षमा विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना वाट देते. आणि सांगितलेलं परत म्हणून दाखवायची सवय घाटावरही न सुटणारा हा बाबा वैमानिकच असणार.

"कॅप्टन आल्हाद?"

"म्हणजे... टॉवर?" तो हसला. "त्या दिवशी रनवेवर नीलगाय आली, अन् तुम्ही मला उतरता उतरता परत वर पाठवलं. तेव्हापासून तुम्हाला बघायचं होतं."

"बघितलं न? चलो, आता बाजूला व्हा. आईला दिवा सोडायचाय."

पण तो कसला बाजूला होतोय! जबलपूरला मुक्काम पडला, की स्वारी घाटावर हजर. क्षमाच्या आईला, बेबीताईंना, तर त्यानं कमानिया गेटच्या खव्याच्या जिलेबीनंच फितवलं. त्यांनी "एकच दे" म्हटलं, की हा मुद्दाम "दोन, बरोबर?" म्हणायचा, अन् क्षमा लगेच टोकायची, "चूक! एकच." तिचा जीव त्याच्यात कधी गुंतला, तिलाच कळलं नाही.

मग एका संध्याकाळी, पायरीवर बसल्या बसल्या, बेबीताईंच्या देखतच त्यानं विचारलं, "क्षमा... लग्न करशील माझ्याशी?"

'हो' अगदी तिच्या जिभेवर होतं, पण... "मला एम.टेक.ला प्रवेश मिळालाय. हवाई सुरक्षा. दोन वर्षं रजा घेऊन दूर जाणार मी."

बेबीताईंनी कपाळाला हात लावला. "बाप्पा! सरकारी नोकरी आहे, तरी काहून अजून शिकून राहिली? असं स्थळ हातचं जाईल न!"

"आई, त्या दिवशी सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. पण नीलगाय पुन्हा येईलच न! ती येऊच नये म्हणून कोणता नियम बदलायचा, हे मला कुठं येतं? नियम पाळायला नोकरी पुरते. नियम करायला शिकावंच लागतं." बोलता बोलता तिची मान ताठ झाली होती.

आल्हाद गप्प. टॉवरमधल्या माणसाला वैमानिकाच्या गप्प बसण्याची जेवढी भीती, तेवढी कशाचीच नाही.

"ऐकलंत न? मग... परत म्हणा न, कॅप्टन."

त्यानं घसा साफ केला. "क्षमा शिकायला जाणार. दोन वर्षं. मी जिथं जिथं उतरेन तिथं छाती फुगवून सांगणार, आमची टॉवरवाली नियम करायला गेलीय. ती परतली, की लग्न... माझ्याशी."

"अच्छा! हे शेवटचं मी कधी म्हटलं?"

"मग टोक न. वैमानिक चुकला, तर टॉवरनं तिथल्या तिथं टोकायचं. टॉवर गप्प, म्हणजे बरोबर. तुमचाच नियम!"

आरतीची घंटा सुरू झाली. बेबीताई श्वास रोखून लेकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

आणि दिवसभर विमानांना टोकणारी क्षमा... एक अक्षर बोलली नाही.