तिसरी चढाई

बारामती सोडली न सोडली तोच इंदापूरची एसटी उसाच्या जोडट्रॉलीमागे अडकली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून शेवटी गप्प बसला. खिडकीशी बसलेल्या स्वरूपानं डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळला होता. उन्हासाठी, धुळीसाठी... आणि खरं सांगायचं तर आज कुणी ओळखू नये म्हणूनही.

ती कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाची मुख्य चढाईपटू. गेल्या वर्षी तिनं एकटीनं सामने फिरवले होते. यंदा मात्र ती दर सामन्यात पकडली जात होती. आज दुपारी तर घरच्याच मैदानावर संघ साखळीतला सामना हरला, आणि लोक उठून जाताना तिच्याकडे बघत गेले.

आणि आता मागच्या सीटवर तीच चर्चा.

“संपली ती पोरगी,” एकजण म्हणत होता. “पेपरात फोटो आला आन् डोक्यात हवा गेली. बाकावर बसवा तिला.”

“बसवायचं तर तिच्या सरांना बसव, गेणू,” दुसरा आवाज शांत होता, पण हटणारा नव्हता. “तिची काय चूक हाय?”

मग त्यानं गेणूला समजावायला घेतलं. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी बाद. सर तिला नेमकं त्याच वेळी पाठवतात. समोरच्या साती जणी टपून बसलेल्या असतात. ही पोरगी आधी मैदान चाचपणारी, कोपऱ्यांना नाचवून दमवणारी; तिला थेट विहिरीत ढकलल्यासारखं ढकललं तर ती काय करणार? पुढच्या सीटवरचे एक तात्याही यात पडले. त्यांचं म्हणणं, हल्लीच्या पोरींना दमच नाही. गेणूला तेवढंच बळ आलं.

स्वरूपाला गप्प बसवेना. दुपारपासून नुसती तगमग चालली होती, ती अशी बाहेर पडली. ती मागं वळली.

“सरांना कशाला बोल लावता? ती पोरगीच भ्याली हाय.”

आपण असं का बोललो, हे तिचं तिलाच कळलं नाही. गेणूला समजावणाऱ्या तरुणानं तिच्याकडे बघितलं. सावळा चेहरा, शर्टाच्या बाहीला ग्रीसचा डाग आणि डोळ्यांत कुतूहल.

“तुमी कबड्डी बघता?”

“कधीमधी.”

“मग नीट बघत न्हाय तुमी,” तो हसून म्हणाला.

भवानीनगर येईपर्यंत दोघं भांडत राहिले. तो तिची बाजू घेत होता आणि ती स्वतःच्या विरुद्ध. साखर कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आत आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपलं गाव आलं आणि आपल्याला उतरायचं नाहीये.

त्याचं नाव ऋषिराज. इंदापूरजवळच्या वस्तीवरचा, बारामतीत ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये दुरुस्तीचं काम बघायचा. रोज येण्याजाण्याला हीच एसटी. दुसऱ्या दिवशी स्वरूपा स्टँडवर पोचली तर खिडकीतून रुमाल टाकून त्यानं जागा धरली होती. तिच्यासाठीच धरली असं तो काही म्हणाला नाही. तिनंही विचारलं नाही.

मग हे रोजचंच झालं. सराव संपला की तिचे पाय आपोआप स्टँडकडे वळायचे. एसटीला उशीर झाला की जीव वरखाली. आली की आधी नजर तिसऱ्या-चौथ्या खिडकीकडे. तो नाव विचारायचा, ती म्हणायची, नावात काय ठेवलंय, मुद्द्याचं बोला. आणि मुद्दा एकच. एकदा त्यानं भाजलेल्या शेंगा मांडीवरच्या पिशवीवर अर्धगोल मांडल्या. हा उजवा कोपरा, हा डावा, ह्या मधल्या. आणि एक शेंग त्यांच्यासमोर ठेवली.

“ही ती.”

स्वरूपानं ती शेंग उचलली, फोडली आणि स्कार्फ जरासा वर करून दाणे तोंडात टाकले.

“झाली पकड,” ती म्हणाली.

तो इतका हसला की कंडक्टरनं वळून बघितलं. स्वरूपाही हसली. गेल्या कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. खेळ सोडून द्यावा, हा विचार तिच्या मनात रोज एकदा तरी यायचा. त्या संध्याकाळी तो विचार आला नाही.

पण त्याच आठवड्यात ऋषिराज अचानक गंभीर झाला.

“एक सांगू? मागची लाथ हे तिचं खरं हत्यार. मधल्या रेषेकडं परत फिरता फिरता पाय असा सुटायचा की समोरचीला कळायचंच न्हाय. इंदापूरच्या सामन्यापासनं तिनं एकदाबी लाथ मारली न्हाय. कुणाच्या ध्यानात आलं न्हाय ते. माझ्या आलं.”

स्वरूपाचा हात खिडकीच्या गजावर घट्ट झाला. “तुमच्याच का?”

“त्या सामन्यात तिची लाथ जिला लागली ना... पुढचा दात पडला जिचा... ती माझी बहीण. राजलक्ष्मी.”

एसटीचा खडखडाट एकदम लांब गेल्यासारखा झाला. तो दात मातीत पडलेला तिनं बघितला होता. रक्तानं भरलेली ओंजळ बघितली होती. त्या मुलीला उचलून नेलं तेव्हा मागून धावत जाणारा कुणीतरी... त्याचा चेहरा मात्र बघायचं तिला धाडस झालं नव्हतं.

तिनं हळूहळू स्कार्फ सोडला.

“ती लाथ माझी होती,” ती म्हणाली.

भवानीनगर आलं होतं. ऋषिराज काही बोलायच्या आत ती उतरून चालू लागली.

त्यानंतर तिनं ती एसटी सोडली. मैत्रिणीच्या गाडीवरून, मिळेल त्या वडापच्या जीपनं ती घरी यायची. घरी आल्यावर या खोलीतून त्या खोलीत, अंगणातून पुन्हा आत. कॉलेजात कॅन्टीनपासून मोबाइलवरच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे तिच्याच चुका मोजल्या जात होत्या. पुढचा सामना संघानं कसाबसा जिंकला आणि अंतिम फेरी गाठली, तीही ती बाकावर असताना. समोर इंदापूर येणार होतं. तिनं ठरवलं, सरांकडे तोंड उघडायचं नाही. अंतिम सामन्यालाही बाकावरच बसायचं, मग खेळाचा नाद संपला.

रविवारी सकाळी ती सवयीनं कारखान्यामागच्या मैदानावर गेली, तर कडेला एक मोटरसायकल उभी. ऋषिराज गाडीला रेलून उभा होता आणि मैदानाच्या मधोमध एक उंच मुलगी मनगटाला पट्टी गुंडाळत होती.

“मी राजलक्ष्मी,” ती म्हणाली. हसली तेव्हा पुढचा एक दात बाकीच्यांपेक्षा पांढरा दिसला. “ये, चढाई कर.”

स्वरूपाला माफी मागायची होती. तिनं सुरुवातही केली, पण राजलक्ष्मीनं तिला बोलू दिलं नाही. खेळात लागतं, ती म्हणाली. पंचांनी तुझी चूक धरली नाही, मीही धरली नाही. दात बसला, मी पुन्हा खेळायला लागले. मग तिचा आवाज बदलला.

“अंतिम सामन्यात तू माझ्यासमोर येशील आन् पाय आखडून घेशील, तर लोक म्हणतील राजलक्ष्मीवर दया केली. ते मला चालायचं न्हाय. मार लाथ.”

“न्हाय जमत मला.”

“मग मी हितनं हलत न्हाय.”

स्वरूपानं दम धरला. पुटपुटत पुढं गेली, वळली, पाय उचलला आणि तो हवेतच लुळा पडला. राजलक्ष्मीनं घोटा धरून तिला मातीत पाडलं. पुन्हा. पुन्हा तेच. कोपर सोलवटलं, डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं की कशाचं कुणास ठाऊक. ऊन चांगलं वर आलं तेव्हा कधीतरी तिचा पाय सुटला, सपकन, पूर्वीसारखा. राजलक्ष्मीनं हात मध्ये घातला, तळहाताला चटका बसला, आणि ती हात झाडत म्हणाली, “आता कसं?”

ऋषिराज पाण्याची बाटली घेऊन आला. इतके दिवस मी तुमच्यासमोरच तुमची वकिली करत होतो, तो म्हणाला. एकदा सांगायचं तरी. ती पाणी प्यायली, उरलेलं तोंडावर मारलं.

“सांगितलं असतं तर केली असती?”

“जास्त केली असती,” तो म्हणाला, आणि लगेच मोटरसायकलची किल्ली शोधू लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

दुसऱ्या दिवशी ती विजयसिंह सरांकडे गेली. सर जुन्या वळणाचे. बाहेरच्यांनी खेळाडूंना शिकवलेलं त्यांना खपत नसे. एसटीतली चर्चा त्यांच्या कानावरही गेली असावी. त्यांनी फणकाऱ्यानं विचारलं, हे कुणी डोक्यात भरवलं. स्वरूपा म्हणाली, “कुणी न्हाय सर. मी मागतेय. मला पहिल्या चढाईपासनं पाठवा. चुकले तर मी चुकले म्हणेन.” सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, मध्यंतरापर्यंत बघू.

मध्यंतरापर्यंत बघायची गरज उरली नाही. अंतिम सामन्यात ती पहिल्याच चढाईला गेली आणि नुसती हिंडून आली. दुसऱ्या वेळी बोनस रेषा ओलांडून एक गुण. मग कोपरे हलायला लागले, मधल्या घोटाळल्या, आणि फिरता फिरता तिचा पाय असा सुटला की बारामतीचे प्रेक्षक उभे राहिले. लाथ राजलक्ष्मीच्या खांद्याला लागली होती. बाद होऊन जाताना ती स्वरूपाकडे बघून मान डोलवून गेली.

सामना अगदी शेवटच्या चढाईवर आला. दोन्हीकडे गुण सारखे. आणि नेमकी ती बारामतीची तिसरी चढाई, गुण आणा नाहीतर बाद व्हा. स्वरूपा गेली. राजलक्ष्मी परत आत आली होती. स्वरूपा सरळ तिच्याच कोपऱ्यावर गेली, फिरली, पाय सुटला... आणि राजलक्ष्मीनं तो घोट्यात धरला. स्वरूपानं मधल्या रेषेकडे हात ताणला, बोटं रेषेपासून वीतभर लांब राहिली.

इंदापूर एका गुणानं जिंकलं.

मैदानातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत पुन्हा वाद पेटला होता. बोनस घ्यायचा होता, मागं फिरायचं होतं, सरांनीच दुसरीला पाठवायचं होतं. गेणू आता तिच्या बाजूनं कुणाशी तरी हातवारे करून भांडत होता. स्वरूपा पायऱ्यांवर बसून घोट्याला बर्फ लावत होती. तिला वाटलं होतं, हरल्यावर पुन्हा तीच तगमग सुरू होईल. तगमग होती, पण ती हरण्याची नव्हती. ती गर्दीत एकच चेहरा शोधत होती.

ऋषिराज आला आणि एक पायरी सोडून खाली बसला. बहीण जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर धड उमटलाही नव्हता.

“एक विचारू?” तो म्हणाला. “राग येऊ देऊ नको. शेवटच्या चढाईला राजीच्या कोपऱ्यावर कशाला गेलीस? दुसरा कोपरा सताड उघडा होता. समद्यांना दिसत होता.”

“मलाबी दिसत होता.”

“मग?”

स्वरूपानं बर्फ बाजूला ठेवला. बोटं गार पडली होती, ती तिनं ओढणीत गुंडाळली.

“त्या कोपऱ्यामागं तू बसला होतास,” ती म्हणाली. “तिकडं बघितलं असतं तर... दम तुटला असता माझा.”

ऋषिराज उठला, मधली सोडलेली पायरी चढला आणि तिच्या शेजारी बसला.