उत्तर आलं की थांबणारं घड्याळ

"तुमचं हे घड्याळ लय घाईचं हाय हो."

सूर्यभाननं मान वर केली. दारात परभणीच्या संघातली अंबिका... वेणीत शेजारच्या जिनिंग कारखान्यावरून उडत आलेला कापसाचा पुंजका, अन् डोळ्यांत राग.

राग रास्तच होता. सेलूच्या कॉलेजात प्रश्नमंजूषा चालू होती. वेळ मोजायचा प्रोग्राम सूर्यभाननं पुस्तकात बघून, धडपडून स्वतः लिहिलेला. कॉम्प्युटरच्या हिरव्या पडद्यावर तीसचा आकडा यायचा, एकेक कमी होत शून्यावर जायचा. आज मात्र आकडे उड्या मारत पळाले. अंबिकाचं उत्तर ओठावर असतानाच वेळ संपली!

जेवणानंतर शेवटची फेरी होती. माधवराव सरांनी बजावलं होतं, "तोवर नीट कर. न्हाईतर पुन्हा कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाई."

"काल सरावात तर बरोबर चालायलं होतं," सूर्यभान पुटपुटला.

"काल उत्तरं कोण देत होतं?"

"माझे मित्र. लिंबाजी अन् पंडित."

"बरोबर दिली?"

"दिलीच न्हाईत. एकालाबी काही येत न्हवतं. दर वेळी शून्यापर्यंत..."

तो मधेच थांबला. अंबिका खुर्ची ओढून शेजारी बसली.

"अन् मी पहिलं उत्तर चटकन दिलं," ती हळूच म्हणाली. "त्याच्यानंतरच ते पिसाळलं."

त्यानं भराभर ओळी वर सरकवल्या. सापडलं. उत्तर लवकर आलं तर मोजणी थांबव, हे त्यानं कुठं लिहिलंच नव्हतं. जुनी मोजणी चालूच, तिच्यावर नवी... दोघी मिळून आकडे खात होत्या.

"माझ्या घड्याळाला हुशार माणसाची सवय न्हवती."

"घड्याळाला का तुमाला?"

त्याचे कान तापले. दोन ओळी घालताना तो दोनदा चुकला — ते काही प्रोग्राममुळं नसावं.

फेरीआधी तो सरांकडं गेला. "चूक माझी हाय सर. परभणीवाल्यांना तेवढा एक प्रश्न परत विचारा."

सरांनी विचारला. अंबिकानं पटकन उत्तर दिलं, आकडा जागीच थांबला. मग प्रत्येक प्रश्नाला तेच. परभणी जिंकली, टाळ्यांनी हॉल दणाणला, अन् सरांनी कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली सूर्यभानच्या खिशात टाकली.

गाडीला अजून वेळ होता. अंबिका निरोप घ्यायला आली.

"एक प्रश्न राहिलाय," म्हणत त्यानं घड्याळ चालू केलं. "मला तुमी आवडलात. परभणीला आलो... तर भेटताल का?"

वीस... पंधरा... तिची नजर पडद्यावरच. दहा. त्याला राहवेना.

"उत्तर येत न्हाई का?"

"ते तर कवाच आलंय. घड्याळ नीट पळतंय का, बघायलेय."

मग तिनं हात लांबवून स्वतःच उत्तराचं बटन दाबलं.

"रविवारी या. आबा घरीच असतात. त्यांच्यापुढं मात्र घड्याळ लावू नका."

ती हसत निघून गेली. पडद्यावरचा चारचा आकडा जागचा हलला नाही.