एका चावीत सुरू झालेली गाडी

"मला दोन मुलगे आहेत. त्यातला एक खोटं बोलतोय. कोणता, ते सांगा."

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. पोस्टमास्तरांनी पेन उघडलं. निवृत्त झाल्यापासून ते आपल्या मित्राच्या, सर्व्हेअरच्या, ऑफिसात टिपणं घ्यायला येत. सर्व्हेअर एके काळी विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासायचा. आता खाजगी तपास करत होता. डोकं त्याचं आणि अक्षर मास्तरांचं, अशी वाटणी होती. मास्तरांना ती मान्य होती.

बाईंनी सांगितलं ते असं. थोरला दोन वर्षांसाठी परदेशी गेला. जाताना गाडी आवारातल्या गॅरेजमध्ये नीट ठेवून गेला. टाकी भरलेली, टायरांत हवा थोडी जास्त, हँडब्रेक सोडून चाकांना विटा, वरून सुती पांघरूण. दोन महिन्यांपूर्वी भरदुपारी बाईंच्या यजमानांच्या छातीत कळ आली. धाकटा गाडीकडे धावला आणि हात हलवत परत आला. गाडी सुरू होत नाही म्हणाला. मग तो रस्त्यावर धावला. वाहन मिळेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर वाचले असते.

चौथ्या दिवशी थोरला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याने सगळ्या नातेवाइकांना गॅरेजपाशी नेलं आणि चावी फिरवली. गाडी एका चावीत सुरू झाली.

"धाकट्याचं आणि ह्यांचं पटत नव्हतं, हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "थोरला म्हणतो, याने चावी फिरवलीच नाही. दोन महिने झाले, मी धाकट्याच्या हातचं पाणी घेतलेलं नाही. रविवारी तो घर सोडून चाललाय. त्याच्या आत मला कळलं पाहिजे."

उठून जाताना त्यांनी सवयीने दाराजवळचं बटण दाबलं आणि पंखा थांबला. दोन माणसं आत बसली आहेत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"बाई गेल्या त्या आपला वारा घेऊन गेल्या," मास्तर घाम पुसत म्हणाले. सर्व्हेअर हसला नाही.

गुरुवारी दोघे त्या घरी गेले. गॅरेजमध्ये छताला एक दिवा होता. भिंतीवर एक छोटी पेटी होती, तिच्या दोन वायरी बॉनेटखाली गेल्या होत्या आणि तिच्यावर लाल ठिपका पेटला होता.

"चार्जर," थोरला म्हणाला. "गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की बॅटरी मरते. हा कायम चालू ठेवायचा. मी बाबांना दर आठवड्याला फोनवर विचारायचो. चालू आहे म्हणायचे."

"आईंना सांगितलं होतंत?"

"आईला गाडीतलं काय कळतं?"

सर्व्हेअर गाडीत बसला आणि त्याने मास्तरांना वेळ विचारली. मास्तरांचं घड्याळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीस वर्षं टपाल त्याच्यावर सुटत होतं. बरोबर अकरा वाजले होते. गाडीतलं घड्याळ मात्र दीड दाखवत होतं.

"परदेशातली वेळ लावली असेल," मास्तर म्हणाले.

थोरल्याने मान हलवली. जाताना त्याने घड्याळ बरोबर लावलं होतं, त्यानंतर हातही लावला नव्हता.

बाईंना विचारलं तेव्हा कळलं, की यजमान गेले त्याच दिवशी त्यांनी गॅरेजला कुलूप घालून किल्ली आपल्या कपाटात ठेवली होती. थोरला आला त्या रात्री नऊ वाजून गेले होते. त्याने बॅग दारात टाकली आणि चहासुद्धा न घेता आधी किल्ली मागितली.

सगळे बाहेर पडले. बाई शेवटी निघाल्या. मागे टक, टक असा आवाज झाला आणि दार लागलं.

धाकटा आपल्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होता. त्याने वर न बघता उत्तरं दिली. चावी फिरवली होती, पण ना आवाज, ना दिवा. असं सगळ्यांना सांगितलंही होतं, कोणी ऐकलं नाही.

"गॅरेजमध्ये दुसरं काही दिसलं होतं?" सर्व्हेअरने विचारलं.

धाकट्याने दाराकडे पाहिलं. तिथे आई उभी होती.

"नाही," तो म्हणाला.

निघताना सर्व्हेअर चष्मा विसरल्याचं सांगून किल्ली घेऊन एकटाच गॅरेजमध्ये गेला. चष्मा त्याच्या खिशातच होता, हे मास्तरांनी पाहिलं होतं. परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. वाटेत तो एकच वाक्य बोलला. हे काम घ्यायला नको होतं, म्हणाला.

शनिवारी त्याने तिघांना गॅरेजमध्ये उभं केलं.

"धाकटे खोटं बोललेले नाहीत. बॅटरी पुरती मेली की गाडीतलं घड्याळही बंद पडतं. पुन्हा वीज मिळाली की ते बारापासून चालायला लागतं. गुरुवारी अकरा वाजता ते दीड दाखवत होतं. म्हणजे ते जागं झालं साडेनऊला. या दाराला चार दिवस कुलूप होतं. नऊनंतर किल्ली घेऊन आत आले ते थोरले. गाडी सकाळी एका चावीत सुरू झाली हे खरं, पण रात्रभर चार्जर चालू ठेवल्यावर."

थोरला जमिनीकडे बघत राहिला.

"म्हणजे चार्जर बंद होता," बाई म्हणाल्या. "कोणी केला होता?"

सर्व्हेअर मास्तरांकडे वळला.

"मास्तर, परवा आपण इथून निघालो तेव्हा बटणं किती वाजली?"

"दोन."

"आणि दिवे किती आहेत?"

मास्तरांनी वर पाहिलं आणि त्यांना आपली जीभ चावावीशी वाटली.

"एक," ते म्हणाले.

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या भिंतीचा आधार घेऊन हळूच म्हणाल्या, "इथे झाडायला मीच येते. मी तर कुठूनही निघताना सगळीच बटणं बंद करते."

"परवा मी परत आत आलो तेव्हा लाल ठिपका विझला होता, आजही विझलेलाच आहे. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, बाई. यजमान चालू करायचे, तुम्ही बंद करायच्या. आता रोज सकाळी थोरले गुपचूप चालू करून जातात. गाडीवर एक पांघरूण होतं. या दोघांनी आणखी दोन घातली."

बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी दिसलं. बटण बंद होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? बाबा गेले होते. तुलाही घालवू?"

त्या थोरल्याकडे वळल्या. त्याने विचारण्याआधीच उत्तर दिलं.

"कोणावर तरी जायलाच हवं होतं, आई. तुझ्यावर जाण्यापेक्षा..."

बाई भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी चार्जरचं बटण दाबलं. लाल ठिपका पेटला. "आता नाही बंद करणार," त्या म्हणाल्या.

वाटेत मास्तर रागावले. एक खोटं बोलला असतास तर काय बिघडलं असतं, असं त्यांनी सर्व्हेअरला तोंडावर विचारलं. तो म्हणाला की बाईंनी खरं मागितलं होतं. पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता, आणि मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही.

रविवारी धाकटा गेलाच. आई आडवी आली, रडली, स्वतःच्या हाताने त्याचं खोकं सोडायला लागली. तो एवढंच म्हणाला, की दोन महिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीस, ते मला विसरता येत नाही. पुढच्या महिन्यात थोरल्याची रजा संपली.

मास्तर अधूनमधून बाईंची विचारपूस करायला जातात. घरभर अंधार असतो, पण गॅरेजमधला लाल ठिपका रात्रंदिवस पेटलेला असतो. गाडी अजूनही एका चावीत सुरू होईल. ती चालवता येणारं त्या घरात आता कोणी राहत नाही.