गेरूचा गोल

"दिवे येईपर्यंत गोष्ट सांगा ना, आबा. पण खरी हं!"

"खोटी रचायला डोकं लागतं, ते माझ्याकडे कुठलं?" आबांनी गच्चीच्या कठड्याला पाठ टेकली. "माझा एक मित्र आहे, मूर्तिकार. दगडाचे देव घडवतो. त्याच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. माझा हात घट्ट धरून सांगितली त्यानं. ते जिन्याचं दार तेवढं लोटून घ्या."

तीन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली अमावस्या. गुरुवारची रात्र. मूर्तिकाराची लेक दिवस भरत आले म्हणून घरी आली होती आणि उकाड्यानं तळमळत होती. बायको म्हणाली, "कारखान्यातला पंखा काढून आणा बघू. तुमच्या देवांना कुठे घाम येतोय?"

तो चपला घालत असताना लेक हळूच म्हणाली, "बाबा, दुपारपासून बाळ हललं नाहीये."

"उकाड्यानं आपण गळून गेलोय, ते काय नाचणार आहे?" बायको आतून म्हणाली.

तरी त्यानं बायकोला बजावलं, "थोडा वेळ बघ. नाही हललं, तर सरळ कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ने. माझी वाट बघत बसू नकोस."

कारखाना गावाबाहेर होता. पत्र्याखाली देव ओळीनं उभे. कुणाचे हात व्हायचे, कुणाचे डोळे. मधोमध नवी देवी, काळ्या दगडाची, बसलेली. तिच्याकडे बघायचं त्यानं टाळलं.

त्याला कारण होतं. दगड निवडताना मूर्तिकार आधी तो हातोडीनं वाजवून बघतात. घंटेसारखा वाजला तर घ्यायचा. एखाद्या जागी आवाज बद्द आला, तर आत पोकळी आहे. तो गर्भार दगड. त्याला छिन्नी लावायची नाही, जिथल्या तिथे सोडून यायचं, असं त्याला बापानं शिकवलेलं. या देवीचा दगड पोटापाशी बद्द वाजला होता. पण इतका नितळ काळा दगड त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. जीव जडला. कुणाला न सांगता त्यानं दगड आणला, पोकळीभोवती गेरूनं गोल काढला आणि काम सुरू केलं. छिन्नीनं गोल पुसला गेला की पुन्हा काढायचा. लहानपणी चेचलेल्या अंगठ्यामुळे त्याचा गोल कधीच पुरता जुळत नसे. खाली फट राहायची.

पंख्याचा एक स्क्रू गंजला होता. बराच वेळ तो त्याच्याशी झटत राहिला. तेवढ्यात फोन वाजला.

"दवाखान्यात आणलंय तिला," बायको म्हणाली. "अहो... बाळाचे ठोके लागत नाहीयेत."

फोन कानाला तसाच धरून तो दाराकडे निघाला.

आणि मग...

टक्.

त्यानं वर पाहिलं. पत्रा असेल.

टक्... टक्...

पत्रा नव्हता.

तो देवीजवळ गेला. गोलावर कान टेकवला. दगड गार लागायला हवा होता. उबदार लागला.

टक्... टक्... टक्...

आत कुणीतरी होतं.

त्यानं मोकळा हात गोलावर ठेवला. "आई..." तो म्हणाला. पुढचं नकळत त्याच्या तोंडातून निघून गेलं.

"तुझं तिला दे."

ठोके थांबले.

बाहेर मघापासून भुंकणारं कुत्रंही गप्प झालं...

"लागले!" फोनमधून बायको ओरडली. "अहो, लागले ठोके!"

आबा थांबले.

"मग?" थोरल्या नातीनं विचारलं.

"मुलगी झाली, पहाटे. रडली नाही. डोळे उघडे ठेवून सगळ्यांकडे बघत राहिली."

"म्हणजे चांगलंच झालं की," धाकटा म्हणाला, आणि आबांना खेटून बसला.

"झालं ना. उजाडल्यावर तो कारखान्यात गेला. देवी वाजवून पाहिली. पोटापाशीही खणखणीत, घंटेसारखी. गेरूचा गोल मात्र नव्हता. पुसला म्हणावं, तर डागसुद्धा नाही. तो तसाच दवाखान्यात धावला. नर्स बाळाचं अंग पुसत होती. बेंबीभोवती कापूस घासत होती. 'काय लागलंय हो हे? जाता जात नाही...' त्यानं वाकून पाहिलं."

"काय होतं?"

"लाल गोल." आबांनी अंधारात बोट फिरवलं आणि शेवटाला आणता आणता थांबवलं. "खाली... फट."